रेणू, तुझा टॉप सेट

रेणू, तुझा टॉप सेट माझ्याकडे आलाय. यिअर टेनमधली, इंग्रजीत सगळ्यात हुशार म्हणून निवडलेली मुलं, जी दर सप्टेंबरात तुझीच असायची, ती आता आठवड्यातून चार वेळा माझ्यासमोर बसतात. तुला हे कळायला काही मार्ग नाही, म्हणून सांगते.

गॅरेथचा फोन आला तेव्हा मी सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये डिकीत सामान भरत होते. तुझा नवरा कधी मला फोन करत नाही, त्यामुळे नाव बघून वाटलं की तू फोन घरी विसरून त्याच्या फोनवरून बोलतेयस. त्याने सांगितलं. मी ऐकलं, आणि म्हणाले, ‘थँक यू फॉर लेटिंग मी नो.’ डेंटिस्टच्या रिसेप्शनिस्टने अपॉइंटमेंट बदलल्याचं कळवल्यावर म्हणतो ना, अगदी तसं. मग घरी आले, मटार फ्रीझरमध्ये ठेवले, दूध फ्रिजमध्ये ठेवलं, पिशव्यांच्या घड्या घातल्या. नितीन ऑफिसमधून आला तर त्याला आधी जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर सांगितलं. तो म्हणाला, ‘अगं, मग मघाशीच का नाही सांगितलंस?’ भाजी गार झाली असती, एवढंच डोक्यात होतं.

आमच्या नागपूरला माणूस गेलं की संध्याकाळपर्यंत सगळं आटोपतं. इथे तारीख मिळावी लागते. क्रेमॅटोरियमने तुला सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली वेळ दिली. मधल्या काळात शाळा सुरू झाली. म्हणजे तू अजून कुठल्यातरी थंड खोलीत होतीस, आणि मी तुझ्या वर्गाची हजेरी घेत होते. हे मी कोणाशी बोलले नाही, कारण बोलायचं काय त्यात.

हेलनने, आपल्या हेड ऑफ इंग्लिशने, सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी मला बाजूला घेतलं. ‘वैशाली, विल यू टेक हर यिअर टेन्स?’ मी हो म्हणाले. तिला वाटलं मला विचार करायला वेळ लागेल, म्हणून ती अजून समजावतच राहिली. मग म्हणाली, ‘आणि पालकांची संध्याकाळ आहे. ते भाषण रेणूच करायची. तुझ्याकडे काही आहे का तिचं लिहिलेलं?’ नव्हतं. तू कधी काही लिहून आणलं नाहीस. नुसती उभी राहायचीस आणि बोलायचीस.

आपली ओळख झाली ती स्टाफरूमच्या मायक्रोवेव्हपाशी. मी शाळेत अगदी नवी. डब्यात भरली वांगी होती आणि वासाने कोणी काही म्हणेल म्हणून मी घाबरून दार उघडतच नव्हते. तू मागून आलीस आणि मराठीत म्हणालीस, ‘हे माझा आई करते.’ मी सवयीने म्हणाले, ‘माझी आई.’ तू म्हणालीस, ‘नो, नो, माझा आई.’ तुला वाटलं, मी माझ्या आईबद्दल सांगतेय. मग माझ्या लक्षात आलं आणि मला हसू आवरेना, आणि तू अर्धं वांगं उचललंस ते न विचारताच. तू इथेच जन्मलेली, कार्डिफची, मराठी फक्त काकूंच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, स्वयंपाकघरापुरतं. माझ्याशी बोलून ते सुधारायचं तू ठरवलंस. शेवटपर्यंत तुला खुर्ची आणि टेबल यांतलं ‘ती’ कोण आणि ‘ते’ कोण हे जमलं नाही. तू म्हणायचीस, ‘मला सांग, खुर्चीला बघून कसा कळतो?’ आता तुला खरं सांगू का, मलाही माहीत नाही ते कसं कळतं.

त्या बदल्यात तू मला तुझ्या वर्गात मागे बसू दिलंस. नागपूरच्या ज्युनिअर कॉलेजात मी इंग्रजी शिकवलं होतं. आमच्याकडे मी अर्थ सांगायचे, मुलं उतरवून घ्यायची, परीक्षेत तेच परत लिहायची. तू त्या दिवशी कादंबरीचं एक पान मोठ्याने वाचलंस, पुस्तक मिटलंस आणि गप्प बसलीस. वर्गही गप्प. इतका वेळ गप्प, की मला मागून हात वर करून उत्तर द्यावंसं वाटायला लागलं. शेवटी एक मुलगा काहीतरी अर्धवट, बरंचसं चुकीचंच बोलला. तू म्हणालीस, ‘गो ऑन.’ मग दुसरी मुलगी त्याला खोडायला निघाली. तास संपला तेव्हा फळ्यावर एक अक्षर नव्हतं.

मी विचारलं, ‘मुलांनी वहीत काय लिहिलं आज?’

‘काहीच नाही. डोक्यात गेला.’

‘गेलं.’

‘काय?’

‘डोक्यात गेलं, म्हणायचं.’

‘बघ,’ तू म्हणालीस, ‘तुला पण आज काहीतरी शिकवायला मिळाला.’

दरवर्षी पहिल्या तासाला तू मुलांना तेच सांगायचीस. तुम्ही इथे आलात, कारण आजवर इंग्रजीत तुमचं सगळं बरोबर यायचं. या वर्षी पुष्कळदा चुकेल. कविता वाचून तिचा अर्थ काय असं मला विचारलंत तर मी सांगणार नाही. नाटक बसून वाचायचं नाही, उभं राहून वाचायचं, लाज वाटली तरी. आवडलं नाही असं म्हणायला परवानगी आहे, पण मग पुस्तक उघडून कुठे आवडलं नाही ते दाखवायचं. पहिला निबंध परत मिळेल त्यावर मार्क नसतील. ख्रिसमसपर्यंत नसतील. खाली पेन्सिलने एक प्रश्न असेल. त्याचं उत्तर मला द्यायचं नाही, पुढच्या निबंधात द्यायचं.

आणि मग ऑक्टोबरात पालकांचे फोन सुरू व्हायचे. फ्रंट ऑफिसमधली बाई तुला बघून नुसती मान हलवायची.

आपलं भांडण याच मार्कांवरून. तुला आठवेल, किती वेळा झालं ते. मी म्हणायचे, ज्याच्या घरी भिंतभर पुस्तकं आहेत त्याला तुझा तो पेन्सिलचा प्रश्न म्हणजे कोडं वाटतं, मजा वाटते. ज्याच्या घरी इंग्रजी वाचणारं कोणी नाही त्याला ते नापास झाल्यासारखं वाटतं. त्याला नियम दे. पहिलं वाक्य मुद्द्याचं, मग पुस्तकातला आधार, मग तो आधार का घेतला ते. तेवढं धरून तो चालू तरी लागेल. तू म्हणायचीस, नियम दिला की ते नियमच लिहितात, बाकी काही लिहीत नाहीत. मी म्हणायचे, तुला शब्द लहानपणापासून मिळाले म्हणून तुला असं बोलता येतं. यावर तू गप्प व्हायचीस. चिडून नाही. तू खरंच विचार करायचीस, आणि त्याचा मला जास्त राग यायचा.

मागच्या वर्षी फर्हीन आली तुझ्याकडे. हुशार, अगदी सरळ अक्षराची, आई फक्त बंगाली बोलणारी. फेब्रुवारीत तिने स्वतःहून हेलनला सांगितलं की मला सेट टूमध्ये जायचंय. सेट टू माझा, तुझ्या खालोखालचा. तू तिला थांबवलं नाहीस. मी तुला विचारलं तर म्हणालीस, ‘तिने ठरवला. मी कोण?’ मी तिला नियम दिले. फर्हीनने ते दोन आठवड्यांत आत्मसात केले, उन्हाळ्यात बोर्डाचा कवितांचा पेपर दिला. जुलैत, शाळा सुटायच्या दिवशी, कार पार्कमध्ये मी तिचं नाव पुन्हा काढलं. तू गाडीत पुस्तकांची खोकी ठेवत होतीस. मी म्हणाले, ‘तू तिला जाऊ दिलंस, कारण तुला अशीच मुलं हवी असतात, न सांगता कळणारी.’ तू डिकी लावलीस. म्हणालीस, ‘तसा नाहीये ते, वैशाली. सप्टेंबरमध्ये बोलू.’ मग मला मिठी मारलीस, रागात असल्यासारखी, घट्ट आणि अगदी थोडा वेळ. आणि गेलीस.

ऑगस्टमध्ये फर्हीनचा निकाल आला. वरची ग्रेड. मी तुला मेसेज केला नाही. म्हटलं हे समोरासमोर सांगायचं, सप्टेंबरात, तुझा चेहरा बघत. निकाल लागला त्याच आठवड्यात तू गेलीस.

तर पहिला तास. मुलांना अर्थातच माहीत होतं. काही जणींचे डोळे लाल होते. मी हजेरी घेतली. तुझं भाषण मला पाठ आहे, पण तोंड उघडल्यावर एक वाक्य येईना, म्हणून मी त्यांना सुट्टीत वाचायला दिलेली कादंबरी काढायला सांगितली. तेव्हा ओवेन नावाच्या मुलाने हात वर केला. त्याचा मोठा भाऊ तुझ्या वर्गात होता. तो म्हणाला, ‘मिस, भाऊ म्हणाला होता की ख्रिसमसपर्यंत मार्क मिळत नाहीत. तुम्ही देणार का?’

तीसेक मुलं माझ्याकडे बघत होती. एवढी वर्षं मी ज्याच्यासाठी तुझ्याशी भांडले, ते आता माझ्या हातात होतं. मी नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं.

मी म्हणाले, ‘आय डोन्ट नो येट.’

ओवेनने मान डोलावली, जणू हे उत्तर त्याला पुरेसं होतं. मग मी एक पान वाचलं. पुस्तक मिटलं आणि गप्प बसले. तुझ्यासारखं करायचं म्हणून नव्हे. माझ्याकडे पुढचं वाक्य नव्हतं. पण त्यांना ते काय माहीत. थोड्या वेळाने मागच्या बाकावरून एक मुलगी बोलायला लागली.

पालकांची संध्याकाळ हॉलमध्ये झाली. मी तुझंच बोलले. यंदा मुलं घरी येऊन म्हणतील की त्यांना काही येत नाही, घाबरू नका. त्यांचे निबंध तुम्ही सुधारू नका. रविवारी दुपारी त्यांना पुस्तक घेऊन कंटाळू द्या. तू जिथे थांबायचीस तिथे थांबले, तू जिथे हसवायचीस तिथे लोक हसलेही. मला काही वाटत नव्हतं. बस स्टॉपवर बसच्या वेळा वाचून दाखवाव्यात तसं चाललं होतं.

संपल्यावर एका मुलाचे मराठी वडील भेटायला आले. पुण्याचे, इथे दोन वर्षांपूर्वी सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आलेले. गळ्यात अजून ऑफिसचं कार्ड होतं. हळू आवाजात म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही मराठी ना? मग जरा स्पष्टच विचारतो. हे सगळं ठीक आहे, पण घरी नक्की करून काय घ्यायचं?’

आणि मी त्यांना सांगितलं. मुद्दा, आधार, का. त्यांच्या फोनवर त्यांनी टाइप करून घेतलं. तीन वाक्यं बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आपलं भांडण मी एकटीच चालवतेय, दोन्ही बाजूंनी. ते गृहस्थ समाधानाने गेले. मी खुर्च्या रचायला लागले. तू असतीस तर रचता रचता म्हणाली असतीस, ‘ऐकला मी सगळा.’

पहिले निबंध आले. रविवारी दुपारी मी ते घेऊन बसले. प्रत्येकाच्या खाली पेन्सिलने एक प्रश्न लिहिला. ते जमायला वेळ लागला, रेणू. चूक दाखवणं सोपं असतं गं. त्या मुलाला स्वतःलाच आपलं लिहिलेलं पुन्हा बघावंसं वाटेल असा प्रश्न काढायला निबंध दोनदा वाचावा लागतो. तू दर आठवड्याला हे करत होतीस, आणि मी समजत होते की मार्क द्यायचे नसल्यामुळे तुझं काम वाचतं. मग प्रश्नाच्या खाली मी पेनाने पुढच्या वेळी काय करायचं त्याच्या दोन ओळी लिहिल्या. नियमच म्हण ना. मार्क दिले नाहीत. तुला हे आवडलं नसतं. मलाही पूर्ण आवडलेलं नाही. पण सध्या असं आहे.

तुझं फ्युनरल गेल्या शुक्रवारी झालं. खूप माणसं आली होती, अर्धी तुझ्या जुन्या वर्गांतली, ज्यांना आता दाढी वगैरे आहे. गॅरेथ चांगलं बोलला. काकू पहिल्या रांगेत कोट न काढता बसल्या होत्या. मी शवपेटीपुढच्या पडद्याकडे बघत होते आणि तो पडदा बटणाने सरकतो की कोणी ओढतं, याचा विचार करत होते. मला रडू आलं नाही. शेजारी नितीन रडत होता, जो तुला दिवाळीपुरता भेटायचा.

बाहेर फर्हीन भेटली, तिच्या आईबरोबर. आईने माझे दोन्ही हात धरले आणि बंगालीत काहीतरी म्हणाली. फर्हीन म्हणाली, ‘मिस, मला चांगली ग्रेड मिळाली. मला त्यांना सांगायची होती.’

मी म्हणाले, ‘त्यांना खूप आनंद झाला असता.’

ती म्हणाली, ‘हो. पण मग त्यांनी विचारलं असतं की त्या कवितांपैकी तुला स्वतःला कुठली आवडली. आणि ते मला आठवत नाहीये. पेपरात काय लिहिलं ते सगळं आठवतंय.’

मी तिला घराकडे कशी जाणार ते विचारलं. बसने, म्हणाली. बस कुठून मिळते ते मी तिला सांगितलं. तुझ्यासमोर नाचवायला ठेवलेला तो निकाल होता ना, तो आता असा माझ्याकडे पडून आहे. तो माझ्या बाजूचा पुरावा आहे की तुझ्या, हे तूच सांगितलं असतंस. किंवा सांगितलं नसतंस, प्रश्न विचारला असतास.

चहाच्या वेळी काकूंनी मला खुणेने बोलावलं. म्हणाल्या, ‘वैशाली, मी तिची शाळा नेहमी बाहेरूनच बघितली गं. गाडीतून सोडायचे कधीकधी. मला तिचा वर्ग बघायचाय.’

हेलनने लगेच होकार दिला. आज शाळा सुटल्यावर काकू आल्या. सातारच्या, पण इथल्या हॉस्पिटलात सगळी नोकरी केलेल्या, त्यामुळे रिसेप्शनवर सही करून गळ्यात व्हिजिटरचं कार्ड घालायचं वगैरे त्यांनी न विचारताच केलं. कॉरिडॉरमध्ये त्या भिंतीवरचं सगळं वाचत चालल्या होत्या. वर्गात आल्यावर मी त्यांना माझी खुर्ची देऊ केली. त्यांनी ती घेतली नाही. दुसऱ्या रांगेत, मधल्या बाकावर जाऊन बसल्या. पर्स मांडीवर ठेवली. हात बाकावर ठेवले.

मी पुढेच उभी राहिले.

‘शिकव की,’ काकू म्हणाल्या.

‘काय शिकवू, काकू?’

‘ती पहिल्या दिवशी काय सांगायची, ते सांग.’

मग मी तुझं ते भाषण मराठीत केलं. त्या खोलीत मराठीत तास झाला असेल तर तो आजच. या वर्षी पुष्कळदा चुकेल. अर्थ मी सांगणार नाही. आवडलं नाही तर कुठे ते दाखवायचं. हुशार म्हणून निवडलेल्या मुलांना हे ऐकताना सुरुवातीला फार वाईट वाटतं, नाताळपर्यंत निम्म्यांना सोडून जावंसं वाटतं. मग कधीतरी उन्हाळ्याच्या सुमारास ती तुमच्याशीच वाद घालायला लागतात, आणि रेणू म्हणायची, तेव्हा समजायचं की वर्ष चांगलं गेलं. काकू मध्येच बोलल्या नाहीत. मी कागद नसताना सगळं बोलले आणि या वेळी वाक्यं अडली नाहीत.

झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘माझ्याशी पण असंच करायची ती. मी काही सांगितलं, की म्हणायची, कशावरून? लहान होती तेव्हापासून. डॉक्टर असं म्हणाले, कशावरून? शेजारीण बरी नाही, कशावरून? मला वाटायचं उलट बोलते. दोनदा मारलंय मी तिला त्याच्यावरून.’

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मी पण नेहमीसारखी उभी होते. बाहेर मुलांची फुटबॉल प्रॅक्टिस चालली होती, कोच कोणालातरी परत परत त्याच जागेवरून पळायला सांगत होता.

थोड्या वेळाने काकूंनी हात वर केला. खरंच, कोपर बाकावर टेकून, वर्गात करतात तसा. आणि मी बोलायला सांगेपर्यंत तो तसाच धरून थांबल्या.

‘बोला ना, काकू.’

‘ती उभी कुठे राहायची?’

तू फळ्यापाशी कधी नसायचीस. खिडकीजवळच्या हीटरला टेकून उभी असायचीस, एक पाय मागे भिंतीला लावून. मी बोट करून दाखवलं.

काकूंनी मान वळवली. पण माझ्यामुळे त्यांना नीट दिसत नसावं, कारण त्या जराशा वाकल्या. तेव्हा मी बाजूला झाले.